गुटगुटीत बाळाची गोष्ट

आमच्या पंचवटीतल्या घरात भिंतीवर एक जुना फोटो आहे. १९७५ सालचा. फोटोत माझा धाकटा भाऊ आहे, वय वर्षं दोन. गालांमुळे डोळे बारीक झालेले, मनगटांना दोरा बांधल्यासारख्या वळ्या पडलेल्या, कपाळावर भलीमोठी तीट. फोटोखाली त्याच चौकटीत एक प्रमाणपत्र बसवलेलं आहे. ‘गुटगुटीत बालक स्पर्धा, प्रथम क्रमांक.’ बक्षीस म्हणून दुधाच्या भुकटीचा डबा मिळाला होता. तो रिकामा झाल्यावर आईनं त्यात पुढे पंधरा वर्षं हरभऱ्याची डाळ ठेवली.

हा भाऊ २००७ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी मधुमेही निघाला. कारखान्यातल्या वार्षिक तपासणीत साखर सापडली तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. कारण तोवर तो मुळीच लठ्ठ राहिला नव्हता. हातपाय काडीसारखे, पोट तेवढं थोडं पुढे. आपल्याकडचे निम्मे पुरुष असेच तर दिसतात!

मग दोन-एक वर्षांपूर्वी त्याच्या मुलाची गोष्ट घडली. पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा होता, अंगानं चांगलाच भरलेला. त्याच्या मानेमागे एक काळसर पट्टा दिसू लागला. माझी भावजय तो मळ समजून रोज आंघोळीच्या वेळी वजरीनं घासायची. मान लाल व्हायची, पोर रडायचं, पट्टा काही जाईना. शेवटी बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी आधी घासणं बंद करायला सांगितलं. म्हणाले, “ताई, हा मळ नाही. रक्तात इन्शुलिन फार वाढलं की मानेची, काखेची कातडी अशी जाडसर आणि काळपट होते.” पुढच्या तपासण्यांत कळलं की मुलाला मधुमेह नाही, पण साखर उंबरठ्यावर आहे, रक्तातली चरबी वाढलेली आहे आणि यकृतातही चरबी साठू लागली आहे. अकराव्या वर्षी!

मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे मला पडलेला प्रश्नही इतिहासाचा होता. गुटगुटीत म्हणजे निरोगी, हे आपण कधीपासून मानायला लागलो? आणि ज्या घरात आजीनं दुष्काळात खडी फोडली, त्याच घरात नातवाच्या यकृतात चरबी कुठून आली? त्या शोधात मी जे वाचलं, विचारलं, ते आज सांगतो आहे.

सुरुवात जुन्या वैद्यकापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक अध्याय आहे, त्यात आठ प्रकारच्या शरीरांना निंदित म्हटलं आहे. फार उंच, फार ठेंगणा अशी ती यादी आहे आणि तिच्यात अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघे शेजारी-शेजारी बसवलेले आहेत. सुश्रुतानं तर प्रमेहाचे दोन प्रकार केले. एक जन्मापासून बरोबर आलेला, त्याचा रोगी बहुधा कृश. दुसरा खाण्यापिण्याच्या अपथ्यानं ओढवून घेतलेला, त्याचा रोगी बहुधा स्थूल. ज्याच्यापाशी पैसा नाही अशा प्रमेह्याला तो शंभर योजनं चालायला लावतो, विहीर खणायला सांगतो. कृश रोग्याला मात्र जपावं, असं बजावतो. सगळं ज्ञान आपल्याकडे आधीच होतं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण एक मान्य करायला हवं. नुसतं लठ्ठ शरीर पाहून हा रोग ओळखता येत नाही, एवढं त्या वैद्यांच्या लक्षात आलं होतं. आपण ते मधल्या काळात विसरलो.

विसरलो याचं कारण भूक. १८७६-७७ साली दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवरच्या मजुरांची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांनी कमी करून पुरुषमाणसाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतक्यावर आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही. तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची. पुण्याची सार्वजनिक सभा त्याविरुद्ध उभी राहिली, मजुरांनी कामं सोडली, तो इतिहास आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. त्यानंतर शतक संपता संपता पुन्हा दोन दुष्काळ, मध्ये प्लेग, १९१८ साली इन्फ्लुएंझा. १९२१च्या सुमारास मुंबईत नोंदलेले बालमृत्यू हजारी पाचशेच्या वर होते. म्हणजे दोन पाळणे हलले तर त्यातला एक वर्षाच्या आत थांबायचा.

अशा काळात ज्या बाळाच्या अंगावर मूठभर मांस आहे ते जगेल, एवढंच आईला कळत होतं, आणि ते खरंही होतं. हगवण लागली, गोवर निघाला, तर अंगावरची चरबी हीच त्या लेकराची शिदोरी. विलायतेत पहिल्या महायुद्धाच्या काळात बालसप्ताह भरू लागले. आपल्याकडे १९२०च्या दशकात व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी रीडिंग यांच्या पुढाकारानं तीच प्रथा आली. सुईणींना शिकवणं, स्वच्छतेची चित्रं दाखवणं आणि शेवटी बाळांचं प्रदर्शन, त्यांना बक्षिसं. हेतू चांगलाच होता. पण बक्षीस द्यायचं तर मापन सोपं हवं, आणि वजनकाट्याइतकं सोपं दुसरं काय? स्वातंत्र्यानंतर हीच स्पर्धा गणेशोत्सवात, महिला मंडळात, आरोग्य शिबिरात जाऊन बसली. पुढे दुधाच्या भुकटीचे डबे आले आणि डब्यावर त्याच गुबगुबीत बाळाचं चित्र आलं. चित्र इतकं बोलकं की अंगावर पाजणाऱ्या बायकांना आपलंच दूध कमी वाटू लागलं. १९९२ साली कायदा झाला आणि डब्यावर बाळाचा फोटो छापायला बंदी आली. डब्यावरचं बाळ गेलं. आमच्या भिंतीवरचं आहे.

आता भावाच्या जन्माची गोष्ट. आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यात. १९७२च्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पोटात भाऊ होता. मी सात-आठ वर्षांचा, दगडांच्या ढिगाच्या सावलीत बसायचो. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी तव्यावरच फुटायची. त्या दुष्काळात १८७६ सारखी माणसं मेली नाहीत. सरकारनं लाखो हातांना काम दिलं आणि त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली, हे महाराष्ट्राचं मोठं काम आहे. पण जगणं वेगळं आणि पोटातलं लेकरू पोसणं वेगळं. १९७३च्या उन्हाळ्यात भाऊ झाला. आई सांगते, “तळहातावर मावेल एवढा होता.” सुईणीनं नाव ठेवायची घाई करू नका म्हणून सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी वडिलांना सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळालं आणि आम्ही नाशिकला आलो. दर महिन्याला पगार आला, घरात साखर आली, तूप आलं. आईनं जिद्दीनं त्या लेकराला भरवलं. दोन वर्षांत त्यानं बक्षीस मिळवलं. मरणाच्या दारातून ओढून आणलेलं पोर गुटगुटीत झालं, याहून मोठा विजय तिच्या आयुष्यात नव्हता. फोटो भिंतीवर का आहे ते यावरून कळावं.

या विजयात कुठे काही बिघडलं असेल, अशी शंका त्या वेळी जगात फारशी कोणाला नव्हती. मधुमेह हा खात्यापित्या घरातला रोग, असंच मानलं जाई. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत उष्ण कटिबंधातल्या मधुमेहावर चर्चा झाली. त्यात कलकत्त्याकडच्या डॉक्टरांनी सांगितलं ते हेच, की हा रोग सुखवस्तू, बैठं काम करणाऱ्या बाबू लोकांत फार दिसतो. १९६२ साली जेम्स नील या अमेरिकन शास्त्रज्ञानं म्हटलं की पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेल्या लोकांत अन्न साठवून ठेवणारी जनुकं टिकून राहिली असावीत. भुकेच्या काळात तारणारी ती जनुकं सुबत्तेत घात करतात. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात सगळा दोष खापरपणजोबांच्या माथी जातो.

खरा धागा सापडला तो इंग्लंडमधल्या जुन्या वह्यांत. हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई आरोग्यसेविकांच्या आणि सुईणींच्या प्रमुख होत्या. १९११ पासून त्यांनी एक शिस्त घालून दिली. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं वजन करायचं, वर्षाचं झालं की पुन्हा करायचं, आणि वहीत लिहायचं. बाई गेल्या, वह्या राहिल्या. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्यांतली बाळं म्हातारी झालेली शोधून काढली. जन्मताना आणि वर्षाचं असताना जी हलकी होती, त्यांच्यात पुढे हृदयविकारानं मरणारे जास्त निघाले, साठी ओलांडल्यावर साखर बिघडलेलेही जास्त निघाले. बार्कर आणि हेल्स यांनी १९९२ साली मांडलं की गर्भात अन्न कमी पडलं तर बाळ मेंदू वाचवण्यासाठी बाकीच्या अवयवांवरचा खर्च कमी करतं आणि ही काटकसर शरीराला जन्मभर लागून राहते. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं होतं. त्या वेळी जे गर्भात होते त्यांची तपासणी पन्नासेक वर्षांनी झाली, तेव्हा त्यांच्याही साखरेत बिघाड दिसला. इतिहासाच्या शिक्षकाला या सगळ्यात काय आवडलं असेल, तर एका बाईनं नीट ठेवलेलं दप्तर.

पण इंग्लंडच्या बाळांवरून आपलं कोडं पुरतं सुटत नव्हतं. ते सोडवण्याचं मोठं काम आपल्या शेजारी, पुण्यात झालं. के. ई. एम. रुग्णालयात डॉ. बानू कोयाजी यांनी वढू भागातल्या खेड्यांत आरोग्याचं काम उभं केलं होतं, त्यामुळे गावकऱ्यांचा दवाखान्यावर विश्वास होता. त्याच रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी आठ वर्षांची ४७७ मुलं तपासली. यांची जन्माच्या वेळची वजनं रुग्णालयाच्या नोंदीत होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष मी तीनदा वाचला, कारण तो आमच्याच घरावर लिहिल्यासारखा होता. जन्मताना सर्वांत लहान आणि आठव्या वर्षी सर्वांत जाड, अशा मुलांत इन्शुलिनला न जुमानण्याचा दोष सर्वांत जास्त होता. रक्तातली वाईट चरबीही त्यांच्यातच जास्त. नुसतं लहान जन्मणं नव्हे, नुसतं जाड होणंही नव्हे, तर एकातून दुसऱ्यात जाणं.

१९९३ साली याच मंडळींनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक लांबचा अभ्यास हाती घेतला. लग्न झालेल्या बायकांची गरोदर होण्याआधीपासून नोंद, मग गरोदरपणाची, मग बाळाची, आणि ते बाळ मोठं होईपर्यंत दर काही वर्षांनी. साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल यांची त्यात साथ होती. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. म्हणजे आपलं बाळ पाऊण किलोनं हलकं. आता ही तूट सगळीकडे सारखी असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मापं घेतल्यावर दिसलं, की स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चरबी मात्र जवळजवळ विलायती बाळाइतकीच. नाळेतल्या रक्तात इन्शुलिनही जास्त. दिसायला हडकुळं, आतून चरबीदार. इंग्रजीत त्याला ‘थिन-फॅट’ बाळ म्हणतात.

याज्ञिकांनी स्वतःवरही हा प्रयोग करून दाखवला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपले दोघांचे फोटो शेजारी छापले. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. खाली प्रांजळ कबुली की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिक रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी गाठायला पळतात. मोठा माणूस असा स्वतःवर हसू शकतो, हे मला फार भावलं.

हे चरबीचं प्रकरण शरीरात काय करतं, ते मी मला समजलं तसं सांगतो. आपण जेवलो की रक्तात साखर येते. ती उचलून ठेवायची मोठी कणगी म्हणजे स्नायू, आणि कणगीचं झाकण उघडायचं काम इन्शुलिनचं. ज्याची कणगीच लहान विणली गेली, त्याच्या घरी थोडंथोडकं पीक आलं तर भागतं. पण एकाएकी गाडीभर धान्य आलं, तर ते अंगणात सांडतं, पडवीत साठतं, शेवटी स्वयंपाकघरात शिरतं. पडवी म्हणजे पोटाची चरबी आणि स्वयंपाकघर म्हणजे यकृत. तिथे चरबी शिरली की इन्शुलिनच्या हाका कोणी ऐकेनासं होतं. मग स्वादुपिंड आणखी ओरडतं, आणखी इन्शुलिन ओततं. मानेवरचा काळा पट्टा ही त्याच ओरडण्याची खूण. काही वर्षं असं निभतं. पुढे स्वादुपिंड थकतं आणि साखर वर चढते. मुलींमध्ये याच गोंधळातून पाळीही बिघडते, आणि ती तक्रार घेऊन आलेल्या मुलीला ‘वय आहे, होईल सुरळीत’ म्हणून परत पाठवणारे अजून आहेत.

दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचा असाच माग डॉ. संतोष भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. ती तिशीत आली तेव्हा ज्यांना मधुमेह झाला होता किंवा होऊ घातला होता, ती बाळपणी बारीक होती आणि दोन ते बारा या वयात झपाट्यानं अंगानं भरत गेली होती. यातली गोम अशी, की बाराव्या वर्षी त्यांना लठ्ठ म्हणावं अशीही त्यांची स्थिती नव्हती. वर्गात शेजारी बसवली तर चारचौघांसारखीच. वजन किती, यापेक्षा ते कोणत्या वाटेनं आलं हे महत्त्वाचं ठरलं.

पुण्याच्या सहा खेड्यांतल्या मुलांचं पुढे काय झालं? ती अठरा वर्षांची झाल्यावर ६१९ जणांची साखर तपासली. जवळजवळ निम्मी वजनानं कमीच होती. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर बिघडलेली निघाली, बहुतेकांची मधुमेहाच्या उंबरठ्यावर. शेतात राबणाऱ्या घरांतली, सडपातळ मुलं ही. यांच्या पुढ्यात शहर येईल तेव्हा काय?

आईच्या ताटाकडे मात्र आपण अजून पुरेसं पाहत नाही. त्या गावांत गरोदर बायका दिवसभर राबायच्या, आणि ज्या जास्त राबायच्या त्यांची बाळं लहान व्हायची. ज्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध होतं त्यांची बाळं चांगली भरायची. तीनातल्या दोन आयांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. हे जीवनसत्त्व मिळतं दुधातून, अंड्यांतून, मांस-मासळीतून. गोठ्यात म्हैस असून दूध डेअरीला आणि घरात कोरा चहा, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. २००८ साली त्यांनी दाखवलं की ज्या आयांच्या रक्तात फोलेट भरपूर आणि ब-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनचा दोष सर्वांत जास्त होता. फोलेटच्या गोळ्या आपण वाटल्या आणि वाटायलाच हव्यात, पण जोडीचं दुसरं बैल नसताना गाडी जुंपल्यासारखं झालं. २०१२ पासून याच गावांतल्या वयात आलेल्या मुलामुलींना ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोगही सुरू झाला. पुढच्या पिढीचं बाळ सुधारायचं तर आईला ती शाळकरी मुलगी असतानाच गाठायचं, असा त्यामागचा विचार.

नाशिकमध्ये बसून हे वाचताना जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागात अंगणवाडीताईंच्या वहीत अजून ‘कमी वजन’ हाच शेरा जास्त पडतो. त्याच जिल्ह्यात गंगापूर रोड, कॉलेज रोड. संध्याकाळी सातला क्लास सुटला की पोरं तिथून पिझ्झा, चीज घातलेला वडापाव, थंड पेयाची बाटली घेऊन दुचाकीवरून घरी. या दोन टोकांना आपण दोन वेगळे प्रश्न समजतो, दोन वेगळी खाती त्यांच्याकडे बघतात. पण सुरगाण्याचं कुटुंब उद्या अंबडला किंवा सिडकोत खोली घेऊन राहतं, जसे आम्ही सिन्नरहून आलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे महाराष्ट्राचे आकडे पाहा. पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ साली १.९ टक्के होतं, ते २०१९-२१च्या पाहणीत ४.१ टक्के झालं. त्याच पाहणीत खुरटलेली मुलं ३५ टक्के. दोन्ही एकाच राज्यात, पुष्कळदा एकाच घरात, आणि आमच्या भावासारखी एकाच अंगात. २०१६-१८च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या शाळकरी आणि किशोरवयीन मुलांपैकी दहातल्या एकाची साखर उंबरठ्यावर आढळली. २०२५ साली युनिसेफनं सांगितलं की जगात ५ ते १९ वयोगटात लठ्ठ मुलांची संख्या कमी वजनाच्या मुलांच्या पुढे गेली.

आमच्या लहानपणी पोरं होळकर पुलाखाली पोहायला शिकायची. संध्याकाळी तालीम, नाहीतर गल्लीत विटीदांडू. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. तेव्हा गोवरानं पोरं जायची, आणि मुलींना पोहायला कोणी सोडत नव्हतं. पण अंग हलायचं, हे खरं. आता मैदानाच्या जागी इमारत झाली, शाळेला बसनं जायचं, आणि पोहणं शिकवायचं तर महिन्याची फी. पालकांना नुसती नावं ठेवून काय होणार? २०१७ साली राज्य सरकारनं शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली. २०२० साली केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनी शाळेत आणि शाळेपासून पन्नास मीटरच्या आत फार साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला बंदी घातली. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक मंडळानं शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं. पन्नास मीटर म्हणजे किती, हे कोणत्याही शाळेबाहेरच्या गाडीवाल्याला तोंडपाठ आहे.

गोदावरीला पूर आला की नाशिककर आकडे विचारत नाहीत, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात. गुडघ्याला, कमरेला, छातीला. आमच्या डॉक्टरांनी भावजयीला असंच एक सोपं माप सांगितलं. मुलाच्या उंचीएवढी दोरी घ्यायची, ती मधोमध दुमडायची आणि कमरेभोवती धरायची. टोकं जुळली नाहीत, तर पाणी वर चढतंय. पाच वर्षांपुढच्या कोणत्याही मुलाला हे लागू आहे. काटा लागत नाही, आणि वजन बरोबर दिसणाऱ्या मुलाचं पोट लपत नाही.

पुतण्याची दोरी पहिल्यांदा चार बोटं कमी पडली होती. उपाशी कोणाला ठेवलं नाही. डॉक्टरांनी वाढीच्या वयात तसं करायचंच नाही म्हणून बजावलं होतं. थंड पेयं आणि बिस्किटांचे पुडे घरात येणं बंद झालं, ते सगळ्यांसाठीच. एकट्या पोराचं बंद करून त्याच्यादेखत आम्ही खाल्लं असतं, तर ते टिकलं नसतं. डबा घरचा, त्यात मोड आलेली मटकी किंवा अंडं. रात्री झोपायची वेळ ठरली, मोबाइल स्वयंपाकघरात. भाऊ आणि तो मिळून रोज संध्याकाळी तासभर चालतात, रविवारी पोहतात. वजन फारसं उतरलं नाही, पण उंची वाढली, आणि गेल्या दिवाळीत दोरीची टोकं जुळली. मानेचा पट्टा फिकट झालाय, पुरता गेलेला नाही. यकृताची तपासणी पुन्हा व्हायची आहे.

आईनं आता ब्याऐंशी ओलांडली आहेत. तिला मी हे सगळं, खेडी, वह्या, नाळेतलं रक्त, एक दिवस बसून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे मी त्याला भरवलं ते चुकलं का रे?” मी म्हटलं, “नाही आई. तू भरवलं म्हणून तो जगला. तू खडी फोडत होतीस तेव्हा तुला कोणी भरवायला हवं होतं.” ती काही बोलली नाही.

रात्री जेवायला बसलो. पुतण्या तिच्या शेजारी बसतो, ती त्याची ठरलेली जागा. तिनं त्याच्या दंडावरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि भावजयीला म्हणाली, “वाळलं गं पोरगं.” आणि तुपाची वाटी पुढे ओढली.